बुधवारी साडेचार वाजता

नाशिक,
६ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अब्बांस,
सलाम.

शाळेत वडिलांना तीर्थरूप लिहायला शिकवलं ते हाताला बसलंय, हसू नका. खोली मिळाली. वडाळा नाक्याजवळ, जिन्याखाली. खिडकी एकच, आणि तिच्यातून समोरची भिंत दिसते. सकाळी नऊ ते एक एका रेडीमेड कपड्यांच्या दुकानात पँटी आखूड करायचं काम धरलंय, म्हणजे तुमच्या हाताखाली शिकलेलं फुकट गेलं नाही. दुपारी दोन ते पाच क्लास. कोर्सचं नाव एवढं लांब आहे की आमच्या शेठनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. ‘प्रसारण आणि डिजिटल संवाद, पायाभूत प्रमाणपत्र’. सहा महिन्यांचा आहे. गंगापूर रोडला सेंटरचं स्वतःचं छोटं रेडिओ स्टेशन आहे. पास झाले तर तिथं निवेदिकेच्या जागेसाठी अर्ज करता येईल. सर्टिफिकेट नसेल तर अर्जच घेत नाहीत.

आता नियम ऐका. तीन वर्षांपूर्वी नर्सिंगला आले होते तेव्हा काय झालं ते तुम्हीही विसरला नसाल. पंधराव्या दिवशी तुम्ही वाळूकाकाच्या जीपनं खिम्याचा डबा घेऊन आलात आणि मी पेटी उचलून त्याच जीपमध्ये बसले. अम्मी होती तेव्हा. ती मला काही बोलली नाही, तुमच्याशी आठ दिवस बोलली नाही. म्हणून या वेळी सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत तुम्ही नाशिकला यायचं नाही, मी हरसूलला यायचं नाही. फोनसुद्धा नाही. तुम्ही नुसतं ‘कौसर’ म्हणालात तरी मी सामान आवरायला घेईन. पत्र लिहा. पत्रात आवाज नसतो, ते मला सोसेल.

जेवण वेळेवर करा.

तुमची
कौसर


हरसूल,
१४ ऑगस्ट २०२४

बेटा कौसर,
खुशाल राहा.

पत्र आलं तेव्हा दुकानात तीन बाया मापाला उभ्या होत्या. त्यांच्यादेखत फोडलं नाय. त्या म्हणाल्या फोडा की मास्तर, आम्हालाबी कळू द्या कौसर काय म्हणती. मी म्हणालो, आधी तुमच्या ब्लाउजची बाही किती ठेवायची ते बोला. त्या गेल्यावर दार लोटून वाचलं.

नियम समजले. घरात कायदा करणारी तू अन् पाळणारा मी, तुझी अम्मी गेल्यापासनं हेच चाललंय. नाशिकला येणार नाय. शब्द दिला.

इथं सगळं ठीक हाय. कालवण अजून दोघांचंच होतं, हाताचा अंदाज काही केल्या बदलत नाय. उरलेलं सकाळी खातो. तुझ्या मशिनीवर चादर टाकून ठेवली. परवा बसलो होतो तिच्यावर, माझ्या मशिनीचा पट्टा तुटला म्हणून. तुझी खुर्ची माझ्या उंचीला बसत नाय, गुडघे वर येतात. काम तसंच केलं.

भिंत दिसली तर दिसू दे. तिथं शिकायला गेलीस, बघायला नाय.

अब्बा


नाशिक,
१२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
सलाम.

आता जे लिहितेय ते दोनदा वाचा. येत्या बुधवारपासून दर बुधवारी दुपारी साडेचार वाजता रेडिओवर माझा दहा मिनिटांचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाला एकेक दिलाय. माझ्या कार्यक्रमाचं नाव ‘हातचं काम’. हातानं काम करणाऱ्या एका माणसाला बोलवायचं आणि त्याला बोलतं करायचं. पहिल्या वेळी सुतारकाम करणाऱ्या एक बाई आहेत. आपला जुना रेडिओ काढा, सेल नवे घाला, काटा नव्वदच्या जरा पुढे लावा.

शिकवणारे गोरक्ष सर म्हणतात, माईकसमोर हजार माणसं आहेत असं समजलं की आवाज खोटा होतो. एकच माणूस समोर बसलाय असं समजायचं आणि त्याच्याशी बोलायचं. बाकीची पोरं मित्र धरतात, मैत्रिणी धरतात. मी कुणाला धरलं ते सांगायला नको.

माईकची केबिन सगळीकडून गादीसारखी मऊ केलेली आहे. दार लावलं की लाल दिवा लागतो, बाहेरचं काही ऐकू येत नाही, आपलाच श्वास ऐकू येतो. पहिल्या दिवशी मला घाबरायला झालं. नंतर वाटलं, माझ्या खोलीतही असंच असतं, फक्त तिथं लाल दिवा नाही. इथं कुणाशी भांडण नाही आणि कुणाशी ओळखही नाही, अब्बा. दिवसभरात माझ्याशी कोण बोललं ते मोजायला बसले तर एका हाताची बोटं पुरतात.

शेवटी प्रत्येकाला श्रोत्यांची तीन पत्रं द्यावी लागतात. कार्यक्रम ऐकून लिहिलेली. त्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणून ऐकलंत की पत्र टाका. माझं या गावात दुसरं कोण आहे ऐकायला.

कौसर


हरसूल,
१८ सप्टेंबर २०२४

बेटा कौसर,
खुशाल राहा.

ऐकलं. सुतारीणबाई चांगली बोलली. रंधा मारताना नवऱ्याची आठवण येती म्हणाली ते मला लय आवडलं. तू मधी बोलली नाय, तिला बोलू दिलंस, हे बरं केलंस. एक सांगतो, वाक्य अर्ध्यात असताना श्वास घेऊ नकोस. लहानपणी पाढे म्हणतानाबी तू असंच करायचीस, सात सक बेचाळीसला दम लागायचा.

आजपासनं बुधवारी दुकान बंद ठेवणार. कंबर धरती. काळजी करू नकोस, एक दिवस आराम केला की हप्ताभर चालती. बाया कुरकुरल्या, पण मास्तर मेला तर ब्लाउज कोण शिवणार म्हणालो तशा गप्प झाल्या.

तुझा आवाज रेडिओवर जरा जाड वाटतो. अम्मीसारखा. पहिली दोन वाक्यं मला कळलीच नायत, मी नुसता आवाजच ऐकत बसलो.

अब्बा


नाशिक,
४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
सलाम.

कंबरेचं काय ते नीट लिहा. वाळूकाकाच्या जीपमधून दवाखान्यात जाऊन या. ओवा शेकून बांधायचा, वरून घोंगडी. अंगावर काढू नका.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्यांदा वाचलं, वाक्याच्या अर्ध्यात श्वास न घेता. दम लागला. हसू आलं आणि मग फार एकटं वाटलं.

येत्या बुधवारी, म्हणजे नऊ तारखेला, मखमलाबादकडच्या सुवर्णाताई येणार आहेत. त्यांचं झेंडूचं आणि शेवंतीचं रान आहे. फूल पहाटे का तोडतात, माळ ओवताना दोरा ओला का करतात, सगळं सांगणार आहेत. त्यांच्या हाताला कायम शेवंतीचा वास येतो, तेही विचारणार आहे. मी त्यांच्या रानात जाऊन दोन तास बसले. इतकं कुणाशी बोलले त्याला महिना झाला होता. त्यांनी मला जेवायला घातलं आणि जाताना विचारलं, तुझं गाव कुठलं. हरसूल म्हणाले तर म्हणाल्या, मग जवळच की, जातेस का दर आठवड्याला. मी हो म्हणाले.

ऐका आणि लिहा.

कौसर


हरसूल,
९ ऑक्टोबर २०२४

बेटा कौसर,
खुशाल राहा.

आजचा कार्यक्रम फार छान झाला. फुलवाली बाई मोकळी बोलली. पहाटे फूल तोडायचं कारण मला आज कळलं. हाताला शेवंतीचा वास येतो हे तू विचारलंस ते चांगलं केलंस. दोरा ओला करण्याचं आमच्यातबी हाय, सुईत ओवताना.

कंबर बरी हाय. जास्त लिहीत नाय, उजेड कमी झाला.

अब्बा


नाशिक,
२२ नोव्हेंबर २०२४

अब्बांस,

दिवाळीनंतर तुमचं कुंभारणीवरचं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. आज देते.

माझ्याजवळ कार्यक्रमावरची तीनच पत्रं होती. सुतारीणबाईंचं, फुलवालीचं, कुंभारणीचं. तिन्ही तुमची. आतल्या मजकुराची झेरॉक्स काढून मी सेंटरला दिली. काल गोरक्ष सरांनी वर्गात सगळ्यांची पत्रं वाचायला घेतली. फुलवालीचं वाचताना ते थांबले. मला म्हणाले, “कौसर, या श्रोत्यानं जो कार्यक्रम ऐकला तो आपण कधी लावलाच नाही.”

सुवर्णाताई आल्याच नव्हत्या, अब्बा. दसऱ्याच्या तीन दिवस आधी झेंडूवाल्या बाईला स्टुडिओत बोलावणारी मी शहाणी. त्या दिवशी त्यांच्या रानात पंधरा माणसं तोडणीला होती, त्या कशाला येतील. सर स्वतः खाली रस्त्यावर गेले आणि किल्ल्या बनवणाऱ्या पुंजाकाकांना घेऊन आले. दहा मिनिटं किल्ल्यांवर बोलणं झालं. शेवंतीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तुम्ही माझ्याच पत्रातलं उचलून मला परत पाठवलंत.

मला ते ऑक्टोबरातच कळलं होतं. पत्र वाचलं आणि घडी घालून उशाखाली ठेवलं. म्हटलं, ऐकताना डुलकी लागली असेल, कंबर दुखत असेल. तरीही सेंटरला दिलं, कारण चौथं पत्र नव्हतं. त्याची लाज मला वाटते, ती माझी मी बघेन.

पण मग सरांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. आपल्या स्टेशनचा आवाज कुठवर जातो त्याचं वर्तुळ काढलेलं आहे त्याच्यावर. हरसूल त्या वर्तुळाच्या खूप बाहेर आहे. तिथं आपलं स्टेशन लागतच नाही. लागणं शक्यच नाही. म्हणजे एकही कार्यक्रम तुम्ही ऐकला नाहीत. रंध्याचं कुणाला विचारलंत कोण जाणे, श्वासाचं तर तुम्हाला मी लहान असल्यापासून माहीत आहे. अम्मीसारखा आवाज म्हणालात, तेही घरात बसून ठरवलंत.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी वीस डिसेंबरपर्यंत मुदत दिलीय. खऱ्या श्रोत्यांची तीन पत्रं आणली नाहीत तर सर्टिफिकेट नाही.

मी दर बुधवारी त्या केबिनमध्ये डोळ्यांसमोर एक माणूस बसवून बोलत होते. तोही तिथं नव्हता. नाही लागत म्हणून सांगितलं असतंत तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

कौसर


गिरणारे,
४ डिसेंबर २०२४

बेटा कौसर,
खुशाल राहा.

वर गाव बदललंय ते आधी बघ. आता खरं ते लिहितो.

हरसूलला तुझं स्टेशन लागत नाय, हे मला पहिल्याच बुधवारच्या आदल्या दिवशी कळलं. सेल नवे घातले, पत्र्यावर चढलो, देवळामागच्या टेकाडावर गेलो. नुसती खरखर. मग वाळूच्या जीपमधी रेडिओ मांडीवर घेऊन बसलो. वाळू म्हणाला, मास्तर, कुठं उतरायचं. म्हणालो, पोरगी बोलंल तिथं. घाट ओलांडला तरी खरखर. गिरणाऱ्याच्या स्टॅंडवर आलो अन् कुणीतरी बाजरीचा सल्ला देताना साफ ऐकू आला. तिथं उतरलो. नवसाबाईचं चहाचं दुकान हाय, तिच्या बाकड्यावर बसलो.

तेव्हापासनं दर बुधवारी येतो. हुका, काजं, तुरपाई, असलं हातातलं काम घेऊन येतो, म्हणजे दिवस वाया जात नाय. कंबरेला काय झालेलं नाय. साडेचारला तुला ऐकतो, पत्र लिहायचं असलं तर तिथंच लिहितो, समोरच्या पेटीत टाकतो अन् वाळू परत येतो तेव्हा त्याच्यासंगं जातो. वर हरसूल लिहायचो, कारण राहायला मी तिथंच. पण शिक्का पोस्टाचा असतो, तो मी मारत नाय. बघ.

फुलवालीचं खोटं. त्या बुधवारी घाटात वाळूचं टायर बसलं. पोचलो तर पाच वाजून गेलेले. नवसाबाई दुसऱ्या गावाला गेलेली, विचारायला कुणी नाय. पत्र नाय टाकलं तर तू म्हणशील अब्बांनी ऐकलं नाय, म्हणून तुझ्या पत्रातनं उतरवलं. शिवण चुकली की उसवायची, हे तुला मीच शिकवलं अन् मीच वरनं दुसरी शिवण मारली. चुकलो.

तुला का सांगितलं नाय ते सांगतो. अब्बा अर्ध्या वाटेवर येऊन बसतात हे कळलं असतं तर तू राहिली असतीस का तिथं? बसमधी बसून आली असतीस, अन् पुढची जीप हरसूलची असती. तुझी अम्मी आता नाय माझ्याशी अबोला धरायला. तो मलाच माझ्याशी धरावा लागला असता.

तू म्हणालीस नाशिकला यायचं नाय. मी नाशिकला आलो नाय. तुझा आवाज जिथवर येतो तिथवर येतो, त्याच्यापुढं पाऊल टाकलेलं नाय. कधीकधी समोरनं नाशिकची बस जाते, कंडक्टर ओळखीचा झालाय, चला मास्तर म्हणतो. मी नको म्हणतो.

आज तू परातींना कल्हई करणाऱ्याशी बोललीस. आवाज उतरलेला होता. माझ्यामुळं हाय ते. श्वास मात्र कुठंबी तुटला नाय.

अब्बा


नाशिक,
२१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
सलाम.

तुमचं पत्र सहा तारखेला मिळालं. मी ट्रंक उघडली आणि तुमची पत्रं पालथी केली. झेरॉक्स काढताना मी फक्त आतली बाजू काढली होती, बाहेर कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या पत्राचा शिक्का हरसूलचा. बाकी तिन्हींवर गिरणारे. फुलवालीच्या पत्रावरसुद्धा. त्या दिवशी ऐकायला मिळालं नाही तरी तुम्ही तिथवर आला होतात, हे त्या शिक्क्यावरून कळलं. त्याच पत्रावरून मी तुम्हाला एवढं बोलले.

आता तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. अकरा तारखेच्या बुधवारी साडेचार वाजता मी केबिनमध्ये नव्हते. ‘हातचं काम’ मी मंगळवारी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आम्हाला आता तसं करायला शिकवलंय. बुधवारी ते मशीनवर आपोआप लागतं. तुम्हाला वाटत असणार मी त्याच वेळी तिथं बसून बोलते. मी त्या वेळी गिरणाऱ्याला होते.

बसमधून उतरले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. तुम्ही बाकड्यावर भिंतीला टेकून बसला होतात. रेडिओ डाव्या खांद्यावर, कानाला लावलेला. कॉलरला दोऱ्यासकट सुई, मांडीवर कुणाचा तरी हिरवा ब्लाउज. डोळे मिटलेले. दाढी बरीच पिकलीय, आणि शर्टाचं वरचं बटण तुटलंय. सगळ्या हरसूलची बटणं लावता आणि स्वतःचं राहतं. मी माफी मागायला आले होते. अगदी समोर येऊन उभी राहिले, तुमच्या अंगावर माझी सावली पडली. तुम्ही डोळे न उघडता हात वर केलात आणि हळू म्हणालात, “थांबा बाई जरा. माझी मुलगी बोलतेय.”

मी थांबले. तुमच्यासमोर उभी राहून मी माझंच बोलणं ऐकलं. टोपल्या विणणाऱ्या आजीला मी विचारत होते, एवढ्या वर्षांत हात दुखले नाहीत का. तुम्ही मान हलवत होतात, जणू उत्तर तुम्हालाच द्यायचंय. नवसाबाईनं माझ्याकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी तिला बोटानं गप्प राहायला सांगितलं.

तुम्ही डोळे उघडायच्या आत मी निघाले. तुम्ही एकदा ‘कौसर’ म्हणाला असतात तर संध्याकाळी मी हरसूलला असते आणि माझी तोंडी परीक्षा राहिली असती. पंधरा पावलांवर स्टॅंड होता. ती पंधरा पावलं मला फार जड गेली, अब्बा.

नवसाबाई चहाचा ग्लास घेऊन मागे आली. म्हणाली, मास्तर दर बुधवारी मलाही ऐकवतात, साडेचारला गिऱ्हाइकानं भांडी वाजवली तरी त्यांना चालत नाही. तिला सही येते, तेवढीच येते. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. सुतारीणबाई तिला आवडली, किल्लीवाला नाही आवडला, कारण तो फार हसत होता. त्या दिवशी ती बहिणीकडे गेली होती, तिथून ऐकला म्हणे. खाली तिनं सही केली.

काल मी सरांपुढे तीन पत्रं ठेवली. तुमची दोन, नवसाबाईचं एक. फुलवालीचं मी काढून घेतलं, ते माझ्याजवळ राहील. सरांनी चष्मा वर करून शिक्के बघितले. मग नकाशाजवळ गेले. गिरणारे वर्तुळाच्या रेघेवरच आहे, आत नाही आणि बाहेरही नाही. सर म्हणाले, तिथून आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही. त्यांनी तिथं एक टाचणी लावली. आणि वर्गासमोर जे बोलले होते ते वर्गासमोर परत घेतलं. तोंडी परीक्षाही कालच झाली. पास आहे.

आठ जानेवारीला, बुधवारी, सर्टिफिकेट देणार आहेत. दुपारी साडेतीनला सुरू होईल. नाव पुकारतील तेव्हा समोर माझं माणूस हवं. वाळूकाकाला सांगून ठेवा, दुकान बंद ठेवा, शर्टाला बटण लावा. रेडिओ घरी ठेवा.

जीप गिरणाऱ्याला थांबली तरी उतरू नका.

तुमची
कौसर